सामान्य रायडरचा मोटोक्रॉस

मोटोक्रॉस म्हणजे चढ-उतार, तीव्र वळणे, उड्या आणि चिखल असलेल्या बंदिस्त मातीच्या मार्गावर होणारी मोटारसायकलींची शर्यत. टीव्हीवर दिसणारे व्यावसायिक रायडर या खेळात मूठभर आहेत. बाकीचे आठवडाभर वर्कशॉपमध्ये, शेतावर, कचेरीत किंवा शाळेत असतात आणि रविवारी स्वतःच्या खर्चाने शर्यतीला उभे राहतात. बक्षिसाच्या रकमेतून त्यांचे पेट्रोलचे पैसेही सुटत नाहीत, तरी या खेळाचा पाया तेच आहेत. शंभर वर्षांपूर्वी हा खेळ त्यांच्या खिशाला परवडत होता, कारण जागा उसनी मिळे, मोटारसायकल रोजच्या वापरातली चाले आणि क्लबची माणसे फुकट राबत. पुढे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी महाग झाल्या. जिथे खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात टिकला, तिथे कुणीतरी जाणीवपूर्वक केलेला नियम त्यामागे होता.

या खेळाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. यॉर्कशरमध्ये १९१४ पासून ‘स्कॉट ट्रायल’ नावाची खडतर स्पर्धा होत असे. तिच्यात वेगाबरोबर कौशल्याचेही गुण मोजले जात. दक्षिणेकडच्या सरे परगण्यातील कॅम्बर्लीच्या क्लबने कौशल्याचे गुण काढून टाकले आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला, असा सरळ हिशेब ठेवला. २९ मार्च १९२४ रोजी कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर झालेली ही शर्यत पहिली ‘स्क्रॅम्बल’, म्हणजे आजच्या भाषेत मोटोक्रॉस, मानली जाते. सुमारे ८० जण उतरले होते. त्यांच्या मोटारसायकली साध्या, रस्त्यावरच्या होत्या. त्या काळातला हौशी रायडर शर्यतीच्या ठिकाणी आपल्याच गाडीवर यायचा, दिवा आणि नंबरप्लेट काढून ठेवायचा, शर्यत पळायचा आणि गाडी धडधाकट राहिली असेल तर सगळे पुन्हा बसवून तिच्यावरूनच घरी जायचा. ट्रेलर, व्हॅन, दुसरी राखीव गाडी असा कोणताच खर्च नव्हता. खेळाला लागणारी गाडी आणि कामावर जायची गाडी एकच होती, हे त्या काळातल्या स्वस्ताईचे मूळ.

ब्रिटनमधील अधिकृत मोटारसायकल स्पर्धा १९०३ मध्ये स्थापन झालेल्या ऑटो-सायकल युनियनच्या, म्हणजे एसीयूच्या, हाती होत्या. परवाना, नियम, पंच सगळे तिच्याकडून येत असे. १९३० च्या दशकात मिडलँड्सच्या कारखानी पट्ट्यातील क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि ‘अमॅच्युअर मोटर सायकल असोसिएशन’, म्हणजे एएमसीए, उभी राहिली. नावातच हौशी असलेली ही संघटना आजही ब्रिटनमधील क्लब पातळीच्या मोटोक्रॉसचा मोठा आधार आहे. बर्मिंगहॅमच्या परिसरात मोटारसायकली बनत होत्या, त्या बनवणारे कामगार तिथेच राहत होते आणि त्यांनाच शर्यत पळायची होती. अशा माणसांना परवडेल अशी स्पर्धा भरवायची तर ती त्यांच्याच क्लबांनी भरवली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. मोठ्या स्पर्धांचा इतिहास लिहिताना एएमसीएला फार तर एखादी ओळ मिळते. हा अन्याय आहे, कारण जगज्जेत्यांची नावे सांगून खेळ किती लोकांपर्यंत पोहोचला ते कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या हजारो मोटारसायकली विक्रीला निघाल्या आणि तरुणांच्या हाती स्वस्तात आल्या. १९४८ मध्ये बीएसएने १२५ सीसीची ‘बॅन्टम’ आणली. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ वरून तिची रचना घेतली होती. टपाल वाटपापासून शेतातल्या फेरफटक्यापर्यंत सगळीकडे ती दिसू लागली, आणि तिच्यावर शर्यतीही झाल्या. ज्यांना अधिक जोर हवा होता ते एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीच्या सांगाड्यात बसवत. न्यू मिल्टन गावच्या डॉन आणि डेरेक रिकमन या भावांनी याच जुगाडाला कारागिरीची जोड देऊन ‘मेटिस’ नावाचा सांगाडा तयार केला. १९६० च्या दशकात ते तो सुट्या संचाच्या रूपात विकू लागले. रायडरने आपले जुने ट्रायम्फ इंजिन त्यात बसवायचे आणि शर्यतीला निघायचे. दरम्यान १९४७ मध्ये नेदरलँड्समधील वासेनार येथे राष्ट्रांची पहिली सांघिक स्पर्धा झाली, १९५२ मध्ये ५०० सीसीची युरोपीय मालिका सुरू झाली आणि १९५७ मध्ये तिला जागतिक स्पर्धेचा दर्जा मिळाला. त्यानंतर कारखाने पैसे ओतू लागले, पण क्लबच्या रविवारवर त्याचा परिणाम व्हायला बराच काळ गेला.

त्या रविवारचे गणित जमिनीवर अवलंबून होते. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर नगररचनेचे कायदे कडक झाले आणि जमिनीचा वापर बदलायला परवानगी लागू लागली. मात्र तात्पुरत्या वापराला एक सवलत ठेवली गेली. कोणतीही मोकळी जमीन वर्षातून २८ दिवस वेगळ्या कामाला परवानगीशिवाय वापरता येते, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त १४ दिवस मोटार किंवा मोटारसायकलच्या शर्यतीला देता येतात. ब्रिटिश हौशी मोटोक्रॉस याच चौदा दिवसांवर जगला. क्लबला जमीन विकत घ्यावी लागली नाही, कायमचा ट्रॅक बांधावा लागला नाही. एखाद्या शेतकऱ्याची उताराची, नांगरणीला गैरसोयीची जमीन ठरावीक भाड्याने घ्यायची, आदल्या दिवशी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायच्या, प्रेक्षक आणि मार्ग यांच्यात अंतर सोडायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हिशेबनीस बसवायचा. संध्याकाळी खुंट्या उपटायच्या, कचरा उचलायचा आणि फाटक नीट लावायचे, नाही तर मेंढ्या रस्त्यावर जायच्या. शेतकरी पुढच्या वर्षी जमीन देईल की नाही, हे त्या फाटकावरही ठरायचे.

या व्यवस्थेची कमकुवत बाजूही शेतीतच होती. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. ग्रामीण भागातील हालचालींवर बंधने आली आणि मोटोक्रॉसच्या कित्येक स्पर्धा रद्द झाल्या. ज्या क्लबांकडे शिल्लक नव्हती त्यांना तो हंगाम फार जड गेला. शहराजवळच्या शेतांभोवती नवी घरे उभी राहिली तशा आवाजाच्या तक्रारी वाढल्या. एक शेत गेले की क्लबला आणखी लांबचे शोधावे लागे, आणि प्रत्येक वाढलेल्या मैलाचा खर्च रायडरच्या खिशातून जाई. तरीही चौदा दिवसांची सवलत नसती तर ब्रिटनमध्ये हा खेळ श्रीमंतांच्या खासगी ट्रॅकपुरता उरला असता. क्रीडा खात्याच्या कोणत्याही योजनेने या खेळासाठी इतके केलेले नाही, आणि नगररचनेच्या आदेशातील हे एक कलम मात्र तो खेळ पिढ्यानपिढ्या सांभाळत आले.

१९६० च्या दशकात यंत्र बदलले. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील ग्रीव्ह्ज ही कंपनी अपंगांसाठी तीनचाकी गाड्या बनवत असे. तिच्या हलक्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ मध्ये २५० सीसीचे युरोपीय विजेतेपद मिळवले. चेकोस्लोव्हाकियाची सीझेड कंपनी त्याहून पुढे गेली. तिच्या कारखान्याच्या संघाने वापरलेल्या गाड्यांशी मिळतीजुळती गाडी सामान्य माणसाला दुकानात मिळू लागली. बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सीझेडवर २५० सीसीचा जगज्जेता झाला, आणि पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे ५०० सीसीचे विजेतेपद जिंकले. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग थोडे. घराच्या पडवीत बसून दुरुस्त करता येईल असे हे इंजिन होते.

याच काळात बीएसएने उलटा रस्ता धरला. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ मध्ये बीएसएवर ५०० सीसीची जागतिक विजेतेपदे जिंकली होती. टू-स्ट्रोकचे आव्हान पाहून कंपनीने १९६६ साठी टायटॅनियमचा सांगाडा बनवला. गाडी हलकी झाली, पण सांगाडा तडकला तर शर्यतीच्या मैदानात साध्या वेल्डिंगने तो जोडता येत नव्हता. विजेतेपद सीझेडकडे गेले. काही वर्षांतच बीएसएचा शर्यत विभाग बंद झाला. त्याचे उरलेले सुटे भाग लँकशरमधील बोल्टनच्या ॲलन क्लूज याने विकत घेतले आणि १९७१ च्या सुमारास त्यातून गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे त्याचीच सीसीएम कंपनी झाली. एका मोठ्या कारखान्याच्या उधळपट्टीची शिल्लक एका हौशी रायडरच्या हातून पुन्हा शेतातल्या शर्यतीत आली.

अमेरिकेत हा खेळ उशिरा पोहोचला आणि फार वेगाने वाढला. हुस्कवार्ना मोटारसायकलींचे आयातदार एडिसन डाय यांनी १९६६ मध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमनला अमेरिकेत आणून प्रात्यक्षिक शर्यती घडवल्या. हॉलमन स्थानिक रायडरांच्या इतका पुढे निघून जाई की पाहणाऱ्यांना हा वेगळाच खेळ वाटला. त्याआधीच, १९६४ मध्ये, ओरेगनमधील अथेना या छोट्या गावातून होडाका नावाची ९० सीसीची स्वस्त गाडी बाजारात आली होती आणि तिने हजारो पोरांना मातीत उतरवले होते. यामाहाची डीटी-१ १९६८ मध्ये आली. रस्त्यावर चालणारी, मातीतही तग धरणारी ही गाडी तुफान खपली. १९७३ मध्ये होंडाने फक्त मोटोक्रॉससाठी सीआर २५० एम ‘एल्सिनोर’ काढली. तिच्यात थोडेफार फेरफार करून गॅरी जोन्सने त्याच वर्षी अमेरिकेचे २५० सीसीचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. दुकानात मिळणारी गाडी आणि विजेत्याची गाडी यांच्यात इतके कमी अंतर क्वचितच राहिले आहे.

एल्सिनोरची किंमत होती १,१४५ डॉलर. महागाई धरली तर आजचे साधारण आठ हजार डॉलर होतात. होंडाच्या आजच्या सीआरएफ २५० आरची अमेरिकेतील किंमतही ८,१०० डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे पन्नास वर्षांत नव्या गाडीची किंमत खऱ्या अर्थाने फारशी वाढलेली नाही. हा खेळ महाग झाला तो गाडीच्या किमतीमुळे, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे अपुरी ठरते. पैसे जातात ते गाडी घेतल्यानंतर, आणि तिच्या आजूबाजूच्या गोष्टींवर.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे गाडी जुनी होण्याचा वेग. बेल्जियमचे अभियंते लुसियाँ टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहाने मागच्या चाकाला एकच मोठा शॉक ॲब्सॉर्बर बसवला आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसन त्या गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. त्यानंतर सस्पेन्शनची चढाओढ लागली. चाकाची वर-खाली होण्याची चाल जेमतेम चार इंचांवरून दशकभरात बारा इंचांपर्यंत गेली. पाठोपाठ पाण्याने थंड होणारी इंजिने आणि डिस्क ब्रेक आले. या सगळ्याने रायडिंग सुरक्षित आणि वेगवान झाले हे खरे, पण दोन वर्षांपूर्वीची गाडी घेऊन उभा असलेला मुलगा गेटवरच हरल्यासारखा झाला. ट्रॅकही नव्या गाड्यांच्या मापाने बांधले जाऊ लागले. उड्या लांबल्या आणि जुन्या गाडीला त्या झेपेनात.

ही चढाओढ आवरण्यासाठी नियम आले. सुझुकीच्या कारखान्याच्या गाड्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाला १९७३ मध्ये किमान वजनाची अट घालावी लागली. अमेरिकेच्या एएमए संघटनेने १९७० च्या दशकात ‘क्लेमिंग’चा नियम वापरला. शर्यतीत भाग घेतलेला रायडर ठरावीक रक्कम भरून दुसऱ्याची गाडी विकत मागू शकत असे. हेतू असा की कुणी गाडीवर लाखो खर्च करून ती तेवढ्या स्वस्तात गमावण्याचा धोका पत्करणार नाही. मोठ्या कंपन्यांना हा नियम अर्थातच डाचला. पुढे १९८६ मध्ये एएमएने आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत कारखान्याच्या खास बनावटीच्या गाड्यांवर बंदी घातली आणि विक्रीला असलेल्या गाडीच्या मूळ सांगाड्यावरच शर्यत पळावी अशी सक्ती केली. याचा फायदा दोन्हीकडून झाला. कंपन्यांना जिंकायचे तर दुकानातली गाडीच चांगली बनवणे भाग पडले, आणि ती गाडी हौशी रायडरच्याही हाती आली. या खेळाच्या इतिहासातील शहाणपणाच्या निर्णयांत या नियमाचा क्रम फार वरचा आहे.

जमिनीच्या बाबतीत अमेरिकेला ब्रिटनसारखी सवलतीची शेते लाभली नाहीत. तिथला खेळ व्यावसायिक ‘रायडिंग पार्क’वर वाढला. दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक पार्क आयर्व्हाइन कंपनीच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर होते. दाराशी पैसे भरायचे आणि दिवसभर सराव करायचा. एका पूर्ण पिढीने तिथे गाडी शिकली. १९८४ मध्ये ते बंद झाले. इंडियन ड्यून्स हे तिकडचेच दुसरे पार्क त्याच सुमारास गेले. जिथे अमेरिकेची ग्रां प्री भरत असे ते कार्ल्सबॅड रेसवे २००४ पर्यंत टिकले, मग तिथे औद्योगिक वसाहत झाली. लॉस एंजेलिसच्या आसपास जमिनीचे भाव वाढत असताना मातीच्या ट्रॅकचे भाडे कुणालाच किफायतशीर वाटणार नव्हते. त्यात १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत दायित्व विम्याचे हप्ते एकाएकी भडकले. अपघात झाला तर जमीनमालकावर खटला होईल या भीतीने कित्येकांनी आपल्या जमिनी बंद केल्या.

विम्याचा प्रश्न युरोपातही आला, तोही अनपेक्षित बाजूने. स्लोव्हेनियातील एका कोठारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का लागून शिडीवरचा माणूस पडला, आणि त्याच्या भरपाईचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ४ सप्टेंबर २०१४ च्या निकालाने सक्तीच्या वाहन विम्याची व्याप्ती खासगी जमिनीवरच्या वापरापर्यंत नेली. त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर मोटोक्रॉसच्या प्रत्येक गाडीला रस्त्यावरच्या गाडीसारखा तृतीय पक्ष विमा लागला असता, आणि शर्यतीत एकमेकांवर आदळणाऱ्या वाहनांचा असा विमा द्यायला कोणतीही कंपनी तयार झाली नसती. काही वर्षे क्लबांच्या डोक्यावर ही टांगती तलवार राहिली. २०२१ मध्ये युरोपीय संघाने आपला निर्देश दुरुस्त केला आणि ब्रिटनने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करून तो निकाल आपल्याकडे निष्प्रभ केला. शेतकऱ्याच्या कोठारातल्या अपघाताने अख्खा खेळ अडचणीत यावा, इतका हौशी खेळ कायद्याच्या कडेला उभा असतो.

मुलांच्या बाबतीत असाच धडा अमेरिकेत मिळाला. खेळण्यांतील शिशाचे प्रमाण रोखण्यासाठी २००८ मध्ये केलेला कायदा १० फेब्रुवारी २००९ पासून लागू झाला आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या छोट्या मोटारसायकली त्याच्या कक्षेत आल्या. बॅटरीची टोके, ट्यूबचा व्हॉल्व्ह, काही मिश्रधातूंचे भाग यांत शिसे असते. विक्रेत्यांना गाड्या शोरूममधून हलवाव्या लागल्या. भीती अशी होती की लहान गाडी मिळाली नाही तर पोरे मोठ्यांच्या जड गाड्यांवर बसतील, आणि तो धोका शिशाहून कितीतरी मोठा होता. अंमलबजावणी काही महिन्यांत स्थगित झाली आणि ऑगस्ट २०११ मध्ये या गाड्यांना कायद्यातून सूट मिळाली. अमेरिकेतला खेळ मुलांच्या गाड्यांवर किती अवलंबून आहे, ते टेनेसीमधील हरिकेन मिल्स येथे दिसते. गायिका लोरेटा लिन यांच्या रँचवर १९८२ पासून अमेरिकेची हौशी राष्ट्रीय स्पर्धा भरते. दरवर्षी वीस हजारांहून अधिक रायडर पात्रतेसाठी झगडतात आणि त्यांतले तेराशेच्या आसपास तिथे पोहोचतात. नाव हौशी असले तरी वरच्या गटांतील मुले घरीच शाळा शिकतात, आईवडील मोटारहोम घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. मूळ यंत्रात फारसा बदल न करण्याची अट असलेले ‘लिमिटेड’ गट तिथे ठेवले आहेत, हे निदान साध्या कुटुंबांसाठी उघडे असलेले दार आहे.

सगळ्यात मोठा आर्थिक धक्का इंजिनाने दिला. मे १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममध्ये माती रचून भरवलेल्या मोटोक्रॉसमध्ये, डग हेन्रीने यामाहाच्या चाचणीसाठी बनवलेल्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर विजय मिळवला. पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफ बाजारात आली, २००१ मध्ये वायझेड २५० एफ. नियमांनी फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट सीसीची मुभा दिली होती. १२५ च्या टू-स्ट्रोकसमोर २५० ची फोर-स्ट्रोक उभी राहू लागली आणि निकाल ठरल्यासारखा झाला. होंडाने २००७ नंतर सीआर टू-स्ट्रोक बंद केल्या. सुझुकी आणि कावासाकीनेही त्या मोठ्या गटांतून माघार घेतली.

दोन इंजिनांतला फरक वर्कशॉपच्या बाकावर दिसतो. टू-स्ट्रोकचे हेड उघडायचे, सिलिंडर वर उचलायचा, पिन ढकलून पिस्टन हातात घ्यायचा. नवा पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट बसवून तीच गाडी संध्याकाळी सुरू होते. सोळा वर्षांचा मुलगा वडिलांच्या देखरेखीखाली हे काम शिकतो. फोर-स्ट्रोकमध्ये कॅम, टायमिंग चेन आणि सहसा टायटॅनियमचे चार व्हॉल्व्ह असतात. फीलर गेजने व्हॉल्व्हची फट मोजायची, गरजेप्रमाणे शिम बदलायचे. व्हॉल्व्हचा वरचा थर झिजला की तो सीटमध्ये रुतत जातो आणि गाडी किक मारून सुरू होईना. म्हणून रायडर हँडलला आवर मीटर बांधतात आणि किलोमीटरऐवजी तासांवर सर्व्हिसिंग करतात. दुर्लक्ष झाले आणि तेरा हजार आरपीएमला व्हॉल्व्ह तुटला तर हेड, पिस्टन आणि कधी क्रँकही जातो. तो खर्च एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या किमतीइतका होऊ शकतो. त्या एका बिलानंतर कित्येक घरांतली गाडी पुन्हा शर्यतीला आली नाही. यामाहाने वायझेड १२५ आणि २५० टू-स्ट्रोक बंद केल्या नाहीत, केटीएमनेही नाही, आणि युरोपात १२५ सीसी टू-स्ट्रोकची तरुणांसाठी स्वतंत्र मालिका आहे. या गटांनी बऱ्याच साध्या घरांतल्या मुलांना खेळात टिकवले.

सुरक्षेचा खर्च वेगळ्या प्रकारचा आहे. रुग्णवाहिका, प्रशिक्षित पॅरामेडिक, प्रत्येक उडीपाशी पिवळा झेंडा घेऊन उभा मार्शल यांच्याशिवाय आज शर्यत सुरू होत नाही, आणि होऊही नये. उडीपलीकडे पडलेला रायडर मागून येणाऱ्याला दिसत नाही. दिसतो तो मार्शलच्या हातातला झेंडा. पूर्वी हे काम क्लबची माणसे हौसेने करत. आता ती कमी झाली आहेत, म्हणून कित्येक क्लब रायडरच्या कुटुंबातल्या कुणाला तरी झेंड्यावर उभे करतात किंवा पैसे देऊन माणसे आणतात. प्रवेश शुल्क वाढते ते मुख्यतः इथे. या शुल्कावर कुरकुर करणे समजण्यासारखे असले तरी योग्य नाही. बचत करायची तर ती इंजिनात करावी.

भारतात हा खेळ वेगळ्या मार्गाने आला आणि इथली स्वस्ताई टंचाईतून जन्मली. परवाना राज्यात परदेशी गाडी आणणे जवळपास अशक्य होते, त्यामुळे शर्यत देशी गाड्यांवरच झाली. मुंबईत जावा गाड्यांची आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि १९६१ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. १९७३ पासून त्या येझदी नावाने विकल्या गेल्या. जावा आणि सीझेड एकाच चेकोस्लोव्हाक उद्योगाची अंगे होती, म्हणून जोएल रोबेरच्या गाडीचे नातलग इंजिन भारतीय रायडरच्या हाती होते. येझदीने भारतातल्या मातीच्या शर्यती वर्षानुवर्षे गाजवल्या. टीव्हीएसने १९८२ मध्ये आपला शर्यत विभाग सुरू केला. १९८४ मध्ये इंड-सुझुकी आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. दूध घालायला किंवा कॉलेजला जाणारी आरएक्स १०० रविवारी मातीत उतरायची. पुढचे दातेरी स्प्रॉकेट बदलायचे, खाचांचे टायर चढवायचे, सायलेन्सर बदलायचा, एवढ्यावर काम भागायचे. कॅम्बर्लीच्या रायडरने १९२४ मध्ये जे केले तेच पुण्या-नाशिकच्या पोराने साठ वर्षांनी केले.

उदारीकरणानंतर परदेशी मोटोक्रॉस गाड्या दिसू लागल्या, पण आयात शुल्काने त्या मूठभरांपुरत्या राहिल्या. तयार आयात मोटारसायकलवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०१८ मध्ये ५० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये १६०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी ४० टक्क्यांवर. त्यावर जीएसटी वेगळा. मुलांसाठीची कावासाकी केएक्स ८५ भारतात २०२४ मध्ये सव्वाचार लाखांच्या घरात आली, केएक्स २५० आठ लाखांच्या आसपास. या गाड्यांना नंबर मिळत नाही, त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, म्हणून शर्यतीला न्यायला टेम्पोही लागतो. त्या तुलनेत हीरो एक्सपल्स २०२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास मिळत होती आणि आठवडाभर कामालाही येई.

भारतीय सुपरक्रॉस आणि डर्ट ट्रॅक स्पर्धांनी या तफावतीवर शोधलेला उपाय म्हणजे गटांची विभागणी. परदेशी गाड्यांचा गट वेगळा, देशी गाड्यांचा वेगळा. कंपनीच्या संघाचा आधार नसलेल्या खासगी रायडरांसाठी ‘प्रायव्हेट एक्स्पर्ट’, नवख्यांसाठी ‘नॉव्हिस’, आणि शर्यत ज्या गावात होते तिथल्या मुलांसाठी ‘लोकल क्लास’. पुणे, नाशिकसारख्या शहरांत राष्ट्रीय फेऱ्या झाल्या तेव्हा मैदानावर मुरूम आणि माती टाकून, जेसीबीने उड्या रचून, टँकरने पाणी मारून दोन-तीन दिवसांसाठी ट्रॅक उभा राहिला. लोकल क्लासच्या मुलाला त्या ट्रॅकवर उतरायला मिळते ते आपल्या रोजच्या गाडीवर. शर्यत संपली की माती उचलली जाते आणि सरावाची जागा पुन्हा नाहीशी होते. गायरान, बंद पडलेली दगडखाण, गावाबाहेरचा उतार, जिथे कुणी हटकणार नाही तिथे सराव चालतो, आणि तिथे रुग्णवाहिका नसते. भारतातल्या हौशी मोटोक्रॉसची सर्वात मोठी उणीव ही आहे. दक्षिण आफ्रिका, स्पेन किंवा फ्रान्समध्ये जाऊन शिकणे सगळ्यांना जमत नाही. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तो सुपरक्रॉसच्या याच मातीतून वर आला होता. पुढे त्याने कर्नाटकात सरावासाठी ‘बिगरॉक डर्टपार्क’ सुरू केले.

२८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. संघमालक, लिलाव, परदेशी रायडर, ४५० सीसीच्या गाड्या असा तिचा थाट होता. ८५ सीसीचा कनिष्ठ गटही त्यात ठेवला होता. या लीगमुळे खेळ टीव्हीवर आला आणि काही भारतीय रायडरांना पगार मिळाला, हे चांगलेच झाले. पण सव्वाचार लाखांची मुलांची गाडी ही पहिली पायरी होऊ शकत नाही. महाराष्ट्रात ज्या क्लबांच्या आणि आयोजकांच्या हातात स्पर्धांचे वेळापत्रक आहे, त्यांनी लोकल क्लास आणि देशी गाड्यांचे गट पैशाअभावी किंवा वेळेअभावी वगळू नयेत. महापालिका आणि ग्रामपंचायतींनी गावाबाहेरच्या पडीक जमिनीचा एखादा तुकडा, वर्षातले ठरावीक दिवस, मार्शल आणि रुग्णवाहिकेच्या अटीवर सरावासाठी द्यावा.